क्वांटम वेलमधील रश्बा परिणाम: सरासरी विद्युत क्षेत्र शून्य असताना तो येतो कोठून आणि रोधात दिसतो कोठे?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. मी सांगलीत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात भौतिकशास्त्र शिकत आहे. अर्धसंवाहक क्वांटम वेलमधील (म्हणजे दोन भिंतींमध्ये इलेक्ट्रॉन अडकवून ठेवणाऱ्या अतिपातळ थरातील) इलेक्ट्रॉनांच्या वहनावर स्पिन-ऑर्बिट आंतरक्रियेचे, म्हणजे इलेक्ट्रॉनाची गती आणि त्याचा स्पिन यांच्यातील दुव्याचे, होणारे परिणाम हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. आमच्याकडे द्रव हेलियमची सोय नसल्यामुळे मोजमाप मी स्वतः घेतलेले नाही. मार्गदर्शक सरांच्या परिचयातील एका प्रयोगशाळेने इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या वेलवर १.५ केल्विन तापमानाला घेतलेल्या नोंदी पाठवल्या असून त्यांतून रश्बा गुणांक अल्फा, म्हणजे दोन स्पिनांच्या ऊर्जांत किती फरक पडतो हे ठरवणारी संख्या, काढून दाखवणे हे माझे काम आहे.

हॉल मोजमापावरून इलेक्ट्रॉनांची घनता दर चौरस सेंटिमीटरला २ लाख कोटी, मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज वाहतो याचे माप) ५०,००० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद, आणि प्रभावी वस्तुमान (स्फटिकात इलेक्ट्रॉन ज्या वस्तुमानाचा असल्यासारखा वागतो ते) मुक्त इलेक्ट्रॉनाच्या ०.०५ पट धरायचे आहे. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले असता रोधात जी शुबनिकोव्ह-दे हास आंदोलने दिसतात, त्यांचा विस्तार सारखा वाढत न जाता मध्येच जवळजवळ नाहीसा होतो आणि पुन्हा वाढतो. असे नाहीसे होण्याचे बिंदू २.०, १.२ आणि ०.८७ टेस्ला येथे आहेत.

माझ्या शंका दोन आहेत. पहिली अशी, की रश्बा परिणामाचे स्पष्टीकरण सर्वत्र एकाच पद्धतीने दिलेले आढळते: वेलला काटकोनात विद्युत क्षेत्र असते, त्यातून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाला ते चुंबकीय क्षेत्र म्हणून जाणवते आणि त्यामुळे दोन स्पिनांच्या ऊर्जा वेगळ्या होतात. परंतु वेलमध्ये अडकलेला इलेक्ट्रॉन त्या दिशेने कोठेही जात नाही, म्हणजे त्याच्यावरील सरासरी बल शून्य असले पाहिजे, आणि बल शून्य म्हणजे सरासरी क्षेत्रही शून्य. मग हे चुंबकीय क्षेत्र उरते कोठून? दुसरी शंका अशी, की स्पिनांच्या ऊर्जेत काही मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक पडत असेल तर शून्य चुंबकीय क्षेत्रातील साध्या रोधात त्याचा काहीच मागमूस का लागत नाही?

अजिंक्यतारा, सातारा

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर देतो. आयुष्यभर वर्गात पुंजयामिकी शिकवल्यामुळे ही शंका माझ्याही परिचयाची आहे. दुसरी शंका प्रयोग करणाऱ्यांसाठी सोडतो.

हा आक्षेप बिचकोव्ह आणि रश्बा यांच्या १९८४ च्या प्रसिद्ध लेखाहूनही जुना आहे. दार, कोटहाउस आणि आंदो यांनी तो १९७६ मध्येच मांडला होता, आणि जेवढा तो मांडला तेवढा बरोबरच आहे. स्थिर बद्ध स्थितीत सरासरी बल शून्य असते, यात वादाला जागा नाही. चूक आहे ती पुढच्या पायरीत: इलेक्ट्रॉनाला वेलमध्ये धरून ठेवणारे बल आणि त्याच्या स्पिनला जाणवणारे क्षेत्र एकच आहे, असे आपण गृहीत धरतो.

प्रथम परिमाणाकडे पाहावे. निर्वातातील इलेक्ट्रॉनासाठी स्पिन-ऑर्बिट पदाचा गुणांक काढला तर तो एका चौरस अँग्स्ट्रॉमचा सुमारे २ लाख ७० हजारावा भाग भरतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तोच गुणांक सुमारे ५ चौरस अँग्स्ट्रॉम आहे आणि इंडियम आर्सेनाइडमध्ये सुमारे ११७. म्हणजे स्फटिकात शिरताच परिणाम दहा लाख पटींहून अधिक वाढतो. वेलला लावलेले क्षेत्र बाहेरून येत असले तरी ही वाढ त्याच्यामुळे होत नाही. अणुकेंद्राजवळचे प्रचंड क्षेत्र संयुजा पट्ट्यातील (बंधांत गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यातील) पी-कक्षकांना जाणवते आणि त्यामुळे तो पट्टा आधीच फुटलेला असतो. ही फूट गॅलियम आर्सेनाइडमध्ये ०.३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि इंडियम आर्सेनाइडमध्ये सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. त्याच्या वरच्या वहन पट्ट्यातील, म्हणजे मोकळेपणे वाहणाऱ्या, इलेक्ट्रॉनाच्या तरंगफलनात संयुजा पट्ट्याचा थोडा अंश मिसळलेला असतो, आणि त्या अंशाबरोबर ही फूटही त्याच्याकडे येते. दोन पट्ट्यांतील अंतर जितके कमी तितकी सरमिसळ अधिक, म्हणून ०.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट अंतर असलेले इंडियम आर्सेनाइड १.५२ इलेक्ट्रॉनव्होल्ट अंतराच्या गॅलियम आर्सेनाइडला एवढे मागे टाकते. ही अंतरे अगदी कमी तापमानाची आहेत.

आता आपल्या शंकेच्या गाभ्याकडे. वहन पट्ट्यातील इलेक्ट्रॉनाला जी विभवरेषा दिसते तिचे दोन घटक असतात. एक म्हणजे भारांच्या मांडणीमुळे आलेला विद्युत विभवाचा उतार, आणि दुसरा म्हणजे वेल आणि तिच्या दोन्ही बाजूंची भिंत यांच्या सांध्यावर वहन पट्ट्याने घेतलेल्या उड्या. या दोहोंची बेरीज सरासरीने शून्य होते. आपण म्हणता ते सरासरी बल हेच. परंतु स्पिनवर होणारा परिणाम संयुजा पट्ट्याच्या मार्फत येत असल्यामुळे तेथे संयुजा पट्ट्याचा उतार मोजावा लागतो. विद्युत विभवाचा घटक दोन्ही पट्ट्यांत सारखाच आहे, मात्र सांध्यावरच्या उड्या सारख्या नाहीत. नेहमीच्या प्रकारच्या वेलमध्ये भिंतीत शिरताना वहन पट्टा वर जातो आणि संयुजा पट्टा खाली उतरतो. त्यामुळे वहन पट्ट्यात ज्या दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढत होत्या, त्याच संयुजा पट्ट्यात एकमेकींना मिळतात, आणि शिल्लक राहते ती सरासरी विद्युत क्षेत्राला १ अधिक संयुजा उडी भागिले वहन उडी या संख्येने गुणून आलेली राशी. हा हिशेब लासनिगने १९८५ मध्ये व्यवस्थित मांडला.

येथे 'विद्युत क्षेत्र' या शब्दाने मी केवळ भारांमुळे आलेले क्षेत्र म्हणत आहे, उड्या वगळून. त्याची सरासरी शून्य असण्याचे काही कारण नाही, कारण तिला तोलून धरणारी उडी दुसऱ्या बाजूला आहेच. वेल दोन्ही बाजूंनी अगदी सममित असेल तर मात्र ही सरासरीही शून्य होते आणि रश्बा पद उरत नाही. भिंती असमान उंचीच्या असणे, अशुद्धी एकाच बाजूला पेरलेली असणे किंवा वरच्या गेटवर (वेलवर बसवलेल्या धातूच्या नियंत्रक थरावर) व्होल्टता देणे, यांपैकी काहीतरी लागतेच. क्षेत्र सरासरी दर मीटरला १ कोटी व्होल्ट धरले तर इंडियम आर्सेनाइडसाठी अल्फा सुमारे १.२ गुणिले १० चा उणे ११ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट-मीटर येतो. आपला पदार्थ मिश्र असल्यामुळे त्याचा आकडा याहून काहीसा कमी असावा.

सममित वेलमध्ये रश्बा पद नसले तरी स्पिनांची फूट पूर्णपणे नाहीशी होत नाही, हे लक्षात असू द्यावे. जस्त-ब्लेंड रचनेच्या स्फटिकात (गॅलियम आर्सेनाइड आणि इंडियम आर्सेनाइड याच रचनेचे) मुळातच व्यस्त-सममिती, म्हणजे एका बिंदूतून उलटवली तरी रचना तीच राहणे, नसते, आणि त्यातून येणारे पद ड्रेसेलहाउस यांनी १९५५ मध्ये दाखवले होते. वेलमध्ये ते जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. गॅलियम आर्सेनाइडच्या १०० अँग्स्ट्रॉम वेलमध्ये ते रश्बा पदाच्या बरोबरीला येऊ शकते. आपल्या वेलमध्ये ते बहुधा दुय्यम राहील.

मिरजकर

अजिंक्यतारा सरांनी पहिला भाग इतका नीट मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी कमी तापमानाच्या मोजमापांवर काम करतो, त्यामुळे दुसऱ्या शंकेकडे आणि आपल्या आकड्यांकडे वळतो.

शून्य क्षेत्रातील साध्या रोधात रश्बा फूट दिसत नाही, याचे कारण फूट लहान असते एवढेच नाही. फर्मी पातळीवर, म्हणजे भरलेल्या अवस्थांच्या वरच्या काठावर, इलेक्ट्रॉनांच्या तरंगसंख्या एका वर्तुळावर असतात; त्या एका वर्तुळाच्या जागी दोन समकेंद्री वर्तुळे होतात, एक किंचित मोठे आणि एक किंचित लहान. परंतु रश्बाच्या समीकरणात दोन्ही वर्तुळांवरच्या इलेक्ट्रॉनांचा वेग अगदी समान निघतो. एका वर्तुळावर जितके इलेक्ट्रॉन वाढले तितके दुसऱ्यावर कमी झाले, वेग सारखाच, आणि आदळण्याचा काळही जवळपास सारखाच, म्हणून पहिल्या घातात काहीच उरत नाही. बदल येतो तो फूट आणि फर्मी ऊर्जा यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने. आपल्या नमुन्यात फर्मी ऊर्जा सुमारे ९६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, आणि अल्फा १० चा उणे ११ वा घात धरला तर प्रत्येक वर्तुळ सुमारे ३.५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टने सरकते. गुणोत्तराचा वर्ग हजारात एक-सव्वा भाग. तुलनेला 'फूट नसलेला तोच नमुना' कोणाकडेही नसतो, म्हणून हा भाग वेगळा काढता येत नाही.

त्यामुळे परिणाम जेथे चिन्ह बदलून येतो किंवा दोन जवळच्या वारंवारता एकमेकींवर चढतात, अशा ठिकाणीच तो शोधावा लागतो. आपल्या नोंदींत दुसरा प्रकार आहे. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याची जोडी लावताना आपण ऐकले असेल: दोन तारांत कणभर फरक असेल तोवर आवाज फुगतो आणि ओसरतो, कारागीर मणी हळूहळू सरकवत नेतो तसे हे फुगणे-ओसरणे लांबत जाते आणि शेवटी नाद सरळ चालू लागतो. आपल्या आंदोलनांतही हेच घडते आहे. प्रत्येक फर्मी वर्तुळाच्या क्षेत्रफळानुसार एक वारंवारता, दोन वर्तुळे म्हणून दोन वारंवारता, आणि त्यांच्यातील फरकामुळे बीट्स. फरक इतकाच की ही आंदोलने चुंबकीय क्षेत्राच्या व्यस्तात आवर्ती असतात, म्हणून बिंदू १ भागिले क्षेत्र या अक्षावर मांडावे लागतात.

तसे मांडले तर आपले तीन बिंदू ०.५०, ०.८३ आणि १.१५ प्रति टेस्ला येथे येतात, म्हणजे अंतर जवळजवळ समान, सरासरी ०.३३. दोन वारंवारतांमधील फरक त्याचा व्यस्त, सुमारे ३ टेस्ला. या फरकाने त्या तीन जागांना गुणले की दीड, अडीच आणि साडेतीन मिळतात. विस्तार शून्य होण्याची अट नेमकी अर्ध्या-पूर्णांकाची असल्यामुळे बिंदूंची गणती बरोबर लागली, असे समजायला हरकत नाही. पुढचा बिंदू ६ टेस्लाच्या आसपास अपेक्षित आहे, परंतु तेथे चुंबकीय क्षेत्रामुळे होणारी झीमन फूट मोठी झालेली असते, त्यामुळे तो थोडा सरकला तर आश्चर्य वाटू देऊ नये.

फरक ३ टेस्ला म्हणजे दोन स्पिनांच्या घनतांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७,४०० कोटींचा फरक, एकूण घनतेच्या साधारण ३.७ टक्के. फर्मी तरंगसंख्या ३.५४ गुणिले १० चा ८ वा घात प्रति मीटर धरून यातून अल्फा काढला तर तो जवळजवळ नेमका १ गुणिले १० चा उणे ११ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट-मीटर निघतो. निट्टा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याच जातीच्या वेलमध्ये गेटच्या व्होल्टतेने अल्फा बदलून दाखवला, तेव्हाचे आकडेही याच घरातले होते.

एवढे झाले म्हणून अहवाल लिहायला बसू नये. बीट्स दिसल्या म्हणजे स्पिन फुटले, हा निष्कर्ष या क्षेत्रात फार घाईने काढला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. नमुन्याच्या एका भागात घनता थोडी जास्त आणि दुसऱ्या भागात थोडी कमी असेल, तरी दोन वारंवारता मिळतात, आणि अर्ध्या-पूर्णांकाची अटही तशीच पाळली जाते. आपल्या नमुन्यात ३ टेस्लाचा फरक तशा कारणाने यायचा असेल तर घनतेत सुमारे ७.४ टक्क्यांची तफावत पुरेशी आहे, आणि वाढवलेल्या थरात एवढी तफावत अशक्य नाही. दोन वारंवारतांची बेरीज हॉल घनतेशी जुळते, असा पुरावा पुष्कळदा पुढे केला जातो. परंतु ती दोन्ही कारणांत जुळतेच, त्यामुळे ती कसोटी होऊ शकत नाही.

प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचाराव्यात. त्याच हॉल बारवरील (मोजमापासाठी पट्टीच्या आकारात कापलेल्या नमुन्यावरील) दुसऱ्या संपर्क-जोडीवर घेतलेल्या नोंदी असतील तर त्या मागवाव्यात. बिंदू जागचे हलले नाहीत तर घनतेतील तफावतीची शंका बरीच मिटते. दुसरे, गेट असल्यास वेगवेगळ्या व्होल्टतांना बिंदू कसे सरकतात ते पाहावे. वेलमध्ये दुसरी उपपट्टी (जाडीच्या दिशेने इलेक्ट्रॉनाची पुढची ऊर्जापातळी) भरलेली नाही, याचीही खात्री हवी. उपपट्ट्यांमधील विकिरणामुळे होणारी आंदोलने तापमान वाढवले तरी टिकून राहतात आणि शुबनिकोव्ह-दे हास आंदोलने झपाट्याने मावळतात, म्हणून ४ आणि ८ केल्विनच्या नोंदींवरून हे लगेच कळते.

पोवई नाका, सातारा

मिरजकर यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, मात्र 'शून्य क्षेत्रातील रोधात दिसत नाही' हे विधान इलेक्ट्रॉनांपुरते मर्यादित ठेवावे, अशी विनंती आहे. गॅलियम आर्सेनाइडमधील द्विमितीय होल्सवर (संयुजा पट्ट्यातील इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, ज्या धनभाराप्रमाणे वाहतात) पापाडाकिस, शायेगान, विंकलर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पुढून आणि मागून अशी दोन गेट वापरून घनता स्थिर ठेवली आणि केवळ वेलची असममिती बदलली. तेव्हा शून्य क्षेत्रातील रोध तापमानाबरोबर ज्या प्रमाणात वाढतो, ते प्रमाण स्पिनच्या फुटीबरोबर बदललेले आढळले. होल्समध्ये दोन स्पिनांची प्रभावी वस्तुमाने वेगळी पडतात, वेगही वेगळे, आणि त्यामुळे वर सांगितलेली बरोबरी तेथे टिकत नाही. शिवाय मिरजकर ज्याला अशक्य म्हणतात तो तुलनेचा नमुना त्यांनी दोन गेट वापरून मिळवलाच.

मूळ प्रश्नाला जोडून आणखी एक सुचवतो. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत दत्ता-दास ट्रान्झिस्टर, म्हणजे गेटने इलेक्ट्रॉनाचा स्पिन फिरवून प्रवाह चालू-बंद करण्याची कल्पना, येणारच. सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास यांनी पर्ड्यू विद्यापीठातून १९९० मध्ये मांडलेली ती कल्पना आहे. आपल्या अल्फासाठी स्पिन अर्धी फेरी पूर्ण करायला लागणारे अंतर सुमारे ०.२४ मायक्रोमीटर येते, हा आकडा तेथे जरूर द्यावा. मात्र त्यापुढे 'म्हणून लवकरच संगणकात वापर' असे लिहिण्याचे टाळावे. लोहचुंबकीय संपर्कातून अर्धसंवाहकात स्पिन शिरवणे हाच मोठा अडथळा होता, आणि इंडियम आर्सेनाइडच्या वेलमध्ये गेटने नियंत्रित होणारा संकेत दाखवायला २००९ साल उजाडावे लागले, तोही कमी तापमानाला.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उडीची दिशा दोन पट्ट्यांत उलट असते, हा मुद्दा कागदावर आकृती काढून पाहिला आणि पटला. दुसऱ्या संपर्क-जोडीच्या नोंदींसाठी सरांमार्फत आजच विचारणा केली आहे; नमुन्याला गेट मात्र नाही.

आणखी एक शंका आहे. शून्य क्षेत्राच्या अगदी जवळ रोधात एक बारीक खळगा दिसतो. हा वीक अँटिलोकलायझेशनचा खळगा असून त्यावर हिकामी, लार्किन आणि नागाओका यांचे सूत्र बसवले तर अल्फा स्वतंत्रपणे मिळेल आणि बीट्सवरून आलेला आकडा पडताळून पाहता येईल, असे मार्गदर्शक सर म्हणतात. नोंदी २ मिलिटेस्लाच्या अंतराने घेतलेल्या आहेत. हे करावे का?

मिरजकर

पोवई नाका यांची दुरुस्ती योग्य आहे. होल्सची गोष्ट वेगळी.

खळग्याविषयी माझे उत्तर असे, की तो दिसतो हे अहवालात लिहावे, परंतु ते सूत्र बसवून अल्फा काढू नये. त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगतो, कारण हा परिणाम समजून घेण्यासारखा आहे.

अशुद्धींवर आदळत जाणारा इलेक्ट्रॉन एखादे बंद वळण घेऊन मूळ जागी परत येऊ शकतो. तेच वळण उलट दिशेनेही घेता येते, आणि चुंबकीय क्षेत्र नसेल तर दोन्ही वाटांवर तरंगाची कला तंतोतंत सारखी बदलते. त्यामुळे परतण्याची शक्यता साध्या हिशेबापेक्षा दुप्पट होते आणि रोध थोडा वाढतो. आता वाटेवर प्रत्येक टप्प्यात स्पिन फिरत असेल, तर उलट वाटेने तो उलट क्रमाने आणि उलट दिशेने फिरतो, आणि दोन्ही वाटा परत भेटतात तेव्हा स्पिन एकमेकांपासून एका सबंध फिरकीने दूर गेलेले असतात. इलेक्ट्रॉनाचा स्पिन अर्धा असल्यामुळे एक पूर्ण फेरी त्याचे चिन्ह बदलते. सर्व शक्य फिरकींवर सरासरी घेतली असता व्यतिकरणाचे पद अधिक एकऐवजी उणे अर्धा होते, म्हणजे परतण्याची शक्यता घटते आणि रोध कमी होतो. थोडेसे चुंबकीय क्षेत्र लावले की दोन वाटांच्या कला जुळेनाशा होतात आणि रोध पूर्वपदावर येतो. आपल्याला दिसणारा खळगा हा असा तयार होतो. आपल्या नमुन्याचा चौरसी रोध सुमारे ६२ ओहम आहे, त्यामुळे ही दुरुस्ती फार तर पाव टक्क्याच्या पातळीची असेल.

अडचण पुढे आहे. ते सूत्र १९८० चे असून त्यात दोन गृहीतके आहेत. एक, इलेक्ट्रॉन पुष्कळदा आदळून पसरत गेलेला असावा आणि स्पिन दोन आदळण्यांच्या दरम्यान अगदी थोडा फिरावा. दोन, स्पिन फिरतो तो आदळण्याच्या क्षणी. रश्बा वेलमध्ये स्पिन आदळण्यांच्या मधल्या काळात फिरतो, त्यासाठी इओर्दान्स्की, ल्यांडा-गेलर आणि पिकुस यांनी १९९४ मध्ये वेगळे सूत्र दिले आहे. परंतु पहिले गृहीतक त्यालाही लागतेच. आपला आदळण्याचा काळ १.४ पिकोसेकंद येतो आणि त्या काळात इलेक्ट्रॉन १.२ मायक्रोमीटर जातो. वर अर्ध्या फेरीचे अंतर ०.२४ मायक्रोमीटर निघाले आहे. म्हणजे आपल्या नमुन्यात स्पिन एकदाही न आदळता जवळजवळ अडीच फेऱ्या मारून मोकळा होतो. 'अगदी थोडा फिरावा' ही अट येथे साफ मोडते, आणि तरीही सूत्र बसवले तर आकडा मिळेल, आलेखही देखणा जुळेल, परंतु त्या आकड्याला अर्थ राहणार नाही.

त्यातच, एवढ्या लांब मुक्त पल्ल्यासाठी ज्या क्षेत्राच्या आत ही सूत्रे लागू पडतात, ते क्षेत्र पाव मिलिटेस्लाच्या आसपास येते. नोंदी २ मिलिटेस्लाच्या अंतराने आहेत. अतिवाहक चुंबकात उरलेले क्षेत्रच मिलिटेस्लाच्या घरात असते, त्यामुळे खळग्याचा तळ शून्यावर आहे की थोडा बाजूला, हेही या नोंदींतून ठरवता येणार नाही. क्षेत्र वाढवताना आणि उतरवताना अशा दोन्ही दिशांच्या नोंदी असतील तर तळ किती सरकतो ते पाहावे; त्यावरून चुंबकाविषयी कळेल, अल्फाविषयी नाही.

मोबिलिटी कमी आणि अल्फा लहान असलेल्या नमुन्यांत याच्या अगदी उलट परिस्थिती असते. तेथे बीट्स दिसण्याइतकी आंदोलने कमी क्षेत्रात टिकतच नाहीत, आणि खळगा मात्र रुंद, नीट मोजता येण्यासारखा आणि सूत्राच्या कक्षेत असतो. म्हणून कोणती पद्धत चांगली असा प्रश्न न विचारता आदळण्याच्या काळात स्पिन किती फिरतो हे आधी काढावे. तो एक रेडियनच्या बराच खाली असेल तर खळगा, बराच वर असेल तर बीट्स. आपला आकडा १५ रेडियन आहे.

अजिंक्यतारा, सातारा

मिरजकरांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून एक टीप देतो. स्पिनची स्मृती पुसली जाण्याचा वेग काढताना द्याकोनोव्ह-पेरेल यांचे १९७१ चे सूत्र सर्रास वापरले जाते. त्यात आदळणे वाढले की स्मृती अधिक काळ टिकते, कारण दिशा सतत बदलत राहिल्याने फिरक्या साचत नाहीत. तेही १५ रेडियनच्या नमुन्याला लावू नये. येथे पहिल्या एक-दोन आदळण्यांतच स्पिन विखुरतो आणि स्मृतीचा काळ आदळण्याच्या काळाएवढाच राहतो.

परीक्षक ड्रेसेलहाउस पदाविषयी विचारण्याची शक्यता आहे, म्हणून तयारी ठेवावी. दोन्ही पदे असतील तर फूट दिशेनुसार कमी-जास्त होते आणि बीट्समध्ये तिची वर्तुळावरची सरासरी येते. ड्रेसेलहाउस गुणांक अल्फाच्या पाचव्या भागाएवढा धरला तरी या सरासरीत केवळ १ टक्क्याची वाढ होते. आपल्या तीन बिंदूंच्या वाचनातील चूक त्याहून मोठी आहे. दोन्ही गुणांक समान झाले तर मात्र चित्र पालटते: सर्व इलेक्ट्रॉनांना जाणवणारे क्षेत्र एकाच रेषेत येते, खळगा नाहीसा होऊन त्या जागी पुन्हा उंचवटा येतो, आणि स्पिनचे एक दीर्घकाळ टिकणारे नागमोडी विन्यास तयार होतात. गॅलियम आर्सेनाइडच्या वेलमध्ये ते २००९ मध्ये प्रत्यक्ष दिसले. आपल्या वेलचा त्याच्याशी संबंध नाही, तेव्हा अहवालात एका ओळीपेक्षा अधिक जागा त्याला देऊ नये.

दुसऱ्या संपर्क-जोडीच्या नोंदी आल्या की बिंदूंचे आकडे येथे टाकावेत. तीन बिंदूंपैकी ०.८७ टेस्लाचा बिंदू सर्वांत क्षीण आंदोलनांत असल्यामुळे त्याच्या वाचनाची मर्यादा, म्हणजे तो ०.८५ ते ०.८९ यांत कोठेही असू शकतो का, हे मूळ आलेख मोठा करून आधीच पाहून ठेवावे.